न उचललेला भंडारा

श्रीमंत आणि वैजनाथ यांच्यात फरक काय, असं आमच्या गावात कुणालाही विचारलं असतं तर एकच उत्तर मिळालं असतं: एकाची जीप पांढरी, एकाची हिरवी. बाकी सगळं सारखं. दोघे चुलतभाऊ. एकाच वर्षी मॅट्रिकला नापास झालेले आणि एकाच मांडवात लग्न झालेले. मिशा सारख्या, कडक इस्त्रीचे पांढरे शर्ट सारखे, पक्षही एकच. भाषणाला उभे राहिले की शब्दसुद्धा तेच, फक्त वैजनाथ मधेमधे खोकायचा. आणि निवडणूक लागली की दोघांनाही एकदमच आमच्या वस्तीची आठवण यायची.

मला मात्र दोघांतला फरक माहीत होता. निदान मला तसं वाटत होतं.

सत्त्याण्णव सालची गोष्ट. पंचायत समितीची निवडणूक लागली आणि पक्षानं ठरवलं की या खेपेला उमेदवार आमच्या गावचा द्यायचा. झालं, दोघेही गुडघ्याला बाशिंग बांधून तयार. तालुक्याचे अध्यक्ष होते आबासाहेब. त्यांनी निरोप धाडला की मी मध्ये पडणार नाही, गावच्या कमिटीनं बसून एक नाव ठरवायचं आणि दुसऱ्यानं मुकाट त्याचं काम करायचं. त्यांना दोघांपैकी कुणाचाच राग ओढवून घ्यायचा नव्हता, दुसरं काय.

कमिटी अकरा जणांची, आणि त्यात मी. मी त्यात कशी, तेही सांगते. वरून आदेश होता की कमिटीत एक बाई पाहिजे आणि एक मागासवर्गीय पाहिजे. दोन जागा कशाला अडवायच्या म्हणून गावकऱ्यांनी मला घेतलं, एकीतच दोन्ही भागलं. ग्रामपंचायतीची मेंबर मी अशीच झालेली, राखीव जागेवर. मेंबर होण्याआधी मी गावाला 'ए भागिरथे' होते, मेंबर झाल्यावर 'भागिरथीबाई' झाले, एवढाच काय तो फायदा. मी सातवी पास आहे, लिहिते, वाचते, पण मला मीटिंगचं बोलावणं कधी यायचं नाही. शिपाई घरी येऊन सही घेऊन जायचा. कधी हट्टानं गेलेच तर दाराजवळ पोत्यावर बसायचं, आणि चहा आला की कान तुटलेला कप बरोबर माझ्यापुढंच यायचा. त्याबद्दल कुणी काही बोलायचं नाही. मी घरी येऊन बोलायची, भांड्यांशी.

आता वाटेचं सांगते, कारण माझा सगळा जीव त्या वाटेत अडकला होता.

आमची बौद्ध वस्ती गावाच्या खालच्या अंगाला, ओढ्याकाठी. आमची मसणवट त्याच ओढ्याच्या काठानं आणखी खाली. वस्ती आणि मसणवट यांच्यामध्ये अलीकडच्या काठाला श्रीमंतचं वावर आणि पलीकडच्या काठाला वैजनाथचं. दोन्ही वावरं पार पाण्याला भिडलेली. वाट ना इकडून ना तिकडून. म्हणून आमची मयतं जायची ती ओढ्यातून. उन्हाळ्यात वाळूतून नेता यायचं. पावसाळ्यात कंबरेएवढं पाणी. माझ्या आजेसासऱ्यांपासून असंच चालत आलेलं.

आदल्या भादव्यात माझे मालक गेले. कारभारी त्यांचं नाव. पावसाची झड लागलेली, ओढा फुगलेला. आमच्यात बायकाही मयताबरोबर जातात, तशी मी मागं होते आणि सासूबाई माझ्या हाताला धरून होत्या. मधोमध एकाचा पाय शेवाळावरून सटकला, तिरडी कलली आणि मालक पाण्यात गेले. मेलेला माणूस बुडताना मी पाहिलाय. सासूबाईंनी पाहिलाय, स्वतःच्या लेकाला. कुणाच्या नशिबी असलं बघणं येऊ नये.

आणि तेव्हा श्रीमंत धावत आला. आपल्या वावरात उभा होता, तो कपड्यांनिशी पाण्यात उतरला. पोरांबरोबर मालकांना उचललं, तिरडीवर ठेवलं, खांदा दिला आणि पार मसणवटीपर्यंत पाण्यातून आमच्याबरोबर चालत आला. वरच्या आळीतल्या माणसानं आमच्या मयताला खांदा दिल्याचं मी जन्मात पाहिलं नव्हतं. वैजनाथ त्या दिवशी पलीकडच्या काठावर छत्री धरून उभा होता. श्रीमंत घरी सापडला नव्हता, म्हणून बांधावरून नेऊ द्या म्हणायला आमची माणसं सकाळीच वैजनाथकडं गेली होती, त्यानं सरळ नाही म्हणून सांगितलेलं. आता बोला, हे दोघे सारखे? मी त्या दिवसापासून श्रीमंतला भाऊ मानलं. वस्तीत कुणी त्याच्याबद्दल वाकडं बोललं की मी त्याच्यावर फणकारून उठायची.

सासूबाईंनी, रंगुबाईंनी, मात्र त्या दिवसापासून खाट धरली. बोलणं एकच. मला पाण्यातनं नेऊ नगं, भागिरथे. जेवायला वाढलं तरी तेच, अंग पुसून दिलं तरी तेच. पावसाळ्यात मेले तर काय करशील, असं विचारायच्या. मी म्हणायची, मग पावसाळ्यात मरूच नका. त्यावर त्या हसायच्या नाहीत. मलाही मग बोलले त्याची लाज वाटायची.

तर अशा वेळी ही निवडणूक आली, आणि माझ्या डोक्यात एकच गोष्ट घोळायला लागली. श्रीमंतला तिकीट मिळालं, तो निवडून आला, की त्याच्याकडं वाट मागायची. जो माणूस आपल्या मयताला खांदा देतो, तो बांध देणार नाही होय?

आता भंडाऱ्याचं. आमच्या भागात मत पक्कं करायची एक रीत आहे. ताटात बेलाचं पान आणि हळदीचा भंडारा ठेवायचा. तो हातात उचलायचा, शिंगणापूरच्या दिशेला तोंड करायचं आणि शनिदेवाला स्मरून म्हणायचं की माझं मत अमक्याला. लोक दिलेला शब्द फिरवतील, केलेली सही फिरवतील, पण उचललेला भंडारा कुणी फिरवत नाही. ज्या देवाच्या भरवशावर अख्खं शिंगणापूर घराला दार लावत नाही, त्याच्याशी खोटं बोलायची छाती कुणाची?

मीटिंगच्या आधी आठवडाभर पांढरी जीप आणि हिरवी जीप गल्लोगल्ली फिरत होत्या, ताटं घेऊन. माझ्याकडंही दोघे येऊन गेले, पण ताट जीपमध्ये ठेवून. माझ्या सासऱ्यांनी छप्पन साली दीक्षा घेतली आणि घरातले देव गाठोड्यात बांधून त्याच ओढ्यात सोडले. आमच्या घरात बेल नाही, भंडारा नाही, शनी नाही, मंगळ नाही. ते दोघांनाही ठाऊक. मी दोघांनाही चहा दिला आणि दोघांनाही बघू म्हणाले. या खेपेला मी एकदम 'वैनी' झाले होते. मनात श्रीमंतच होता, पण ते त्याला तरी कशाला सांगायचं.

मीटिंग सोसायटीच्या ऑफिसात, भर दुपारी. आबासाहेब टेबलामागं बसले. दोघे उमेदवार बाहेर, आपापल्या जीपला टेकून. आत आम्ही अकरा जण. मी माझ्या पोत्यावर.

आबासाहेबांनी आधी एकीवर चार शब्द सांगितले. मग म्हणाले, वैजनाथच्या नावाला ज्यांची पसंती असेल त्यांनी हात वर करा. एकही हात वर गेला नाही. मी मनात म्हटलं, बरं झालं, म्हणजे गावालाही फरक कळतो तर. मग ते म्हणाले, आता श्रीमंतसाठी. माझा हात वर निघालाच होता, तोच मी इकडंतिकडं पाहिलं. कुणाचाच हात हलेना. सगळे आपले खाली फरशीकडं बघत बसलेले. मी घाबरून हात पदराखाली घेतला.

आबासाहेबांना आधी वाटलं, लोक मस्करी करताहेत. त्यांनी हसून पुन्हा दोन्ही नावं घेतली. पुन्हा तेच. मग त्यांचा आवाज चढला. इतक्या लांबून मी काय तुमची तोंडं बघायला आलोय का, म्हणाले. तरी कुणी बोलेना. पंखा तेवढा कुरकुरत होता.

शेवटी सहादेवबाबा उठले. कमिटीतले सगळ्यांत वयस्कर. उठले ते हात जोडूनच.

"आबासाहेब, माज्याकडनं चूक झाली. मी दोघांचाबी भंडारा उचललाय."

आम्ही सगळे त्यांच्याकडं बघतच राहिलो. म्हातारा सांगायला लागला. सकाळी वैजनाथ आला, तो भाच्याच्या नात्यातला. संध्याकाळी श्रीमंत आला, त्यानं नातीच्या लग्नात ट्रॅक्टर दिलेला. नाही कुणाला म्हणायचं? दोघंही आपलेच. बाबांनी विचार केला होता की मीटिंगला आपण हात वर करायचाच नाही, बाकीचे दहा जण काय ते ठरवतील, आपण एकटे गप बसलो तर कुणाच्या ध्यानात येतंय.

बाबा खाली बसतात न बसतात तोच गोरक्ष उठला. दूध डेअरीवाला. तोंड पार पडलेलं. त्यानंही दोघांचा उचलला होता. आणि तोही हाच विचार करून आला होता, की बाकीचे ठरवतील. मग तिसरा उठला, मग चौथा. आगं आई गं, काय सांगू, दहाच्या दहा जणांनी दोघांचाही भंडारा उचललेला, आणि दहाच्या दहा जण बाकीच्यांच्या भरवशावर तोंड शिवून बसलेले. आता याला मत द्यावं तर त्याची शपथ मोडते, त्याला द्यावं तर याची. एकेकाचा चेहरा असा झालेला, जणू शनिदेव दारातच उभा आहे. मी पदराचा बोळा तोंडात कोंबला म्हणून बरं, नाहीतर खदखदून हसले असते.

 शपथ मोडा असं आबासाहेबांनीही म्हटलं नाही. त्यांनाही सोसवणार नव्हतं ते पाप. उगाच टेबलावरचा पेपरवेट फिरवत बसले. एवढा मोठा पुढारी आणि त्याला पुढं काय करावं तेच सुचेना.

तेवढ्यात सहादेवबाबांनीच तोंड उघडलं.

"हितं एक मानूस हाय, ज्यानं कुनाचाच उचललेला न्हाई."

आणि सगळ्या माना माझ्याकडं वळल्या.

माझं हसू जागच्या जागी थिजलं. अंगावर पाल पडावी तसं झालं मला. आजवर या खोलीत माझ्याकडं कुणी धड बघितलं नव्हतं, आणि आता दहा जण आणि अकरावे आबासाहेब टक लावून बघत होते. गोरक्षनं उठून आपली खुर्ची पुढं सरकवली. आबासाहेब 'या ताई, या, इथं बसा' म्हणाले. मी बसले. चहा आला, आणि कपाला कान होता. आबासाहेब म्हणाले, तुम्ही म्हणाल ते नाव, कुणाची हरकत नाही. सगळ्यांनी माना हलवल्या. सुटलो एकदाचे, असं तोंडावर दिसत होतं प्रत्येकाच्या.

श्रीमंतचं नाव माझ्या ओठावरच होतं. उच्चारलं असतं तर तिथंच मिटलं असतं. पण मग मला सासूबाई दिसल्या, खाटेवर, भिंतीकडं तोंड करून. मी म्हटलं, भागिरथे, असा दिवस पुन्हा यायचा नाही. उद्या तू परत पोत्यावर. मागायचं ते आत्ता माग.

मी आबासाहेबांना म्हटलं, दोघांना आत बोलवा, मला त्यांना एक विचारायचंय.

दोघे आले. आत काय झालं ते दाराबाहेर त्यांच्या कानावर गेलेलंच होतं. मी बसलेली आणि ते उभे, असं पहिल्यांदाच घडत होतं. मी सांगितलं की आमच्या वस्तीला मसणवटीपर्यंत काठानं वाट पाहिजे, एक तिरडी जाईल एवढी, जो निवडून येईल त्यानं आपल्या बांधावरून ती द्यायची. माझं बोलणं पुरं व्हायच्या आत वैजनाथ म्हणाला, दिली. श्रीमंत म्हणाला, दिलीच समजा वैनी. वैजनाथ म्हणाला, वर मुरूमही टाकून देतो. श्रीमंत म्हणाला, मुरूमच काय, कडेनं झाडंही लावून देतो.

आबासाहेब खूश. दोघेही देताहेत ताई, म्हणाले, आता घ्या एकाचं नाव.

मला मात्र राग आला, खरं सांगते. पिढ्यान्‌पिढ्या मागून जी वाट मिळाली नाही, ती अशी चहाच्या घोटाबरोबर मिळते? आमच्या माणसांना दारातून हाकललं होतं वैजनाथनं, वर्षसुद्धा झालं नव्हतं, आणि आता मुरूम टाकतोय. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मला धडा शिकवायचा होता तो वैजनाथला, श्रीमंतला नाही. म्हणून मी म्हटलं की तोंडचं देणं नको, गावाकडून जशी शपथ घेता तशी मला द्या. भंडारा उचला आणि सांगा वाट देतो म्हणून.

खोटं कशाला बोलू, माझा त्या हळदीवर काडीचा विश्वास नव्हता. सासऱ्यांनी देव सोडले ते काय मी मागच्या दारानं आत आणायला? मला वाटलं, वैजनाथ पटकन उचलेल, त्याला कशाचं काय, आणि श्रीमंतही उचलेल. मग वैजनाथला तसाच हात चोळत ठेवून मी श्रीमंतचं नाव घेईन, आणि अख्ख्या गावासमोर त्याच्याकडून वाट पक्की होईल. एवढाच माझा हिशेब.

ताट वैजनाथच्या जीपमध्ये होतंच. आणून टेबलावर ठेवलं. वैजनाथ पुढं आला, ताटाकडं बघितलं, खोकला. मग म्हणाला की वावर त्याच्या एकट्याचं नाही, भावांना विचारावं लागेल, म्हातारी आई आहे. मगाशी भाऊ नव्हते आणि आईही नव्हती.  तो मागं सरला. मला आतून गारगार वाटलं. म्हटलं, बघा रे, बघा आता दोघांतला फरक.

श्रीमंत पुढं आला. शर्टाची बाही वर केली, हात ताटापर्यंत नेला. बोटाला भंडारा लागायचाच राहिला होता. आणि हात तिथंच थांबला. मला वाटलं, काहीतरी पुटपुटतोय, देवाचं नाव घेतोय. पण हात थांबला तो थांबलाच. मग त्यानं तो मागं घेतला आणि कोरडाच विजारीला पुसला.

"वैनी, शब्द देतो म्या. पर शपत नगं."

 वैजनाथचं मला काहीच वाटलं नव्हतं. पण हा? हा भाऊ ना माझा? वर्षभर ज्याच्यासाठी मी वस्तीत भांडले, तो माझ्या तोंडावर 'दिलीच समजा' म्हणाला आणि द्यायची वेळ आली तेव्हा हात मागं घेतला. म्हणजे दोघेही खोटंच बोलत होते. माणसाशी खोटं बोलायला दोघांना काही वाटत नव्हतं, देवाशी बोलायला तेवढी भीती. ज्या हळदीला मी मोजत नाही, त्या हळदीनं दोघांना उघडं पाडलं होतं.

मला रडू येत होतं, पण त्या लोकांसमोर रडणारी मी नव्हे. आणि तेव्हाच मला सुचलं ते विचारायचं. वर्षभरात कसं सुचलं नाही कुणास ठाऊक. मी म्हटलं:

"श्रीमंतभाऊ, त्या दिवशी तुम्ही वावरात उभे होता. तुमचा बांध कोरडा होता. आम्हाला वर या म्हणायचं सोडून तुम्ही पाण्यात का उतरलात?"

 ताट समोरच होतं. त्या ताटासमोर त्याला खोटं बोलवेना, हे मी त्याच्या डोळ्यांत पाहिलं. त्यानं मान खाली घातली.

"बांधावरनं नेलं असतं तर वाट पडली असती, वैनी. मयत येकदा गेलं की मग कोन आडवनार? जलमाची वहिवाट. तिरडी पडली तवा मला वाटलं, आता ही मानसं वर येत्यात. म्हनून मीच खाली आलो."

ऐकलं मी ते. शब्द न्‌ शब्द ऐकला. माझे मालक पाण्यात गेले होते, त्यांची आई माझा हात धरून हंबरडा फोडत होती, आणि या माणसाला बांधाची काळजी पडली होती. तो आम्हाला वाचवायला आलाच नव्हता, तो आपलं वावर वाचवायला आला होता. अंगावरच्या कपड्यांनिशी कंबरेएवढ्या पाण्यात उतरला, खांदा सोलवटून घेतला, पण आमचे पाय मातीला लागू दिले नाहीत. आणि मी त्याला भाऊ म्हणत होते. घरी गेल्यावर मी सासूबाईंना कोणत्या तोंडानं सांगणार होते हे?  

गावाचं बरोबर होतं. दोघे सारखेच होते. फरक मीच मनानं घातला होता.

 आबासाहेब चुळबुळ करत होते. अर्ज भरायचा दिवस तोंडावर आला होता. शेवटी ते हळूच म्हणाले, ताई, एक नाव तर घ्यावं लागेल.

मी उठले.  राग इतका वर गेला होता की डोकं उलट थंड पडलं होतं. श्रीमंतनं ताटासमोर मला एकच खरी गोष्ट सांगितली होती, आणि ती माझ्या कामाची होती. मी म्हटलं, माझं मत श्रीमंतला.

सगळे अवाक. सगळ्यांत जास्त श्रीमंतच. वैजनाथ तर आ वासून माझ्याकडं बघत राहिला. मी पुढं म्हटलं की एकच मागणं आहे, उमेदवाराची पहिली फेरी आत्ता, आजच, आमच्या वस्तीपासून निघाली पाहिजे. आबासाहेब टाळी वाजवून उठले. एवढंच ना ताई, म्हणाले, अहो हा तर आमचा मान आहे. गुलाल दोन्ही जीपमध्ये तयार होता, ताशावाले पारावर बसलेले होतेच. श्रीमंतच्या गळ्यात हार पडला. दहाच्या दहा जण इतके मोकळे झाले होते की नाचतच बाहेर पडले.

मी मात्र घाईघाईनं पुढं निघून घर गाठलं. भीमराज, माझा थोरला, घरीच होता. मी त्याला म्हटलं, तीन जणांना बोलव आणि आजीची खाट उचला. त्यानं दचकून विचारलं, काय झालं आजीला? मी म्हटलं, काही नाही झालं, म्हणून तर म्हणते. सासूबाईंनी माझ्याकडं पाहिलं. मी त्यांच्या कानाशी वाकून दोन वाक्यांत सगळं सांगितलं, श्रीमंत काय म्हणाला तेसुद्धा. वाटलं होतं की त्या रडतील. त्यांनी डोईवरचा पदर नीट केला आणि खाटेची कड धरली.

फेरी वस्तीत आली ती वाजतगाजत. समोर आबासाहेब, शेजारी गुलालात न्हालेला श्रीमंत, मागं अख्खं गाव. आमची वस्तीही बाहेर आली. मी फेरीच्या तोंडाशी गेले, आणि गावाकडं वळायच्या ठिकाणी भीमराजनं खाट उचलून सरळ ओढ्याकाठाकडं वळवली, श्रीमंतच्या बांधाकडं. ताशावाल्यांना काय, पुढं माणसं चालली की ते मागं चालतात. आबासाहेबही वळले. त्यांना वाटलं, हाच रस्ता असेल.

श्रीमंतला कळलं. गुलालाखाली त्याचा चेहरा पांढराफटक पडलेला मला दिसला. तो माझ्याजवळ आला आणि दात आवळून हळूच म्हणाला:

"वैनी, ह्ये काय चाललंय?"

"वाट पाडतेय, श्रीमंतभाऊ."

त्यानं मागं बघितलं. मागं अख्खं गाव होतं, म्हणजे अख्खी मतं. शेजारी आबासाहेब होते. गळ्यात हार होता. कुणाला आणि काय म्हणून थांबा म्हणणार?  खाट बांधावर चढली. बांध चांगला रुंद होता, तिरडीच काय, बैलगाडी गेली असती. इतकी वर्षं आम्ही खाली पाण्यातून मान वर करून त्या बांधाकडं बघत आलो होतो, आणि वर चालायला लागलो तर कोरडी, टणक, साधी माती. माझे पाय त्या मातीवर ठरेनात, असं काहीतरी झालं मला. मागून शेकडो पावलं येत होती. तरवडाची झुडपं मोडत होती, गवत चेपत होतं. पलीकडच्या काठावर वैजनाथ आपल्या वावरात येऊन उभा राहिला होता, डोळे फाडून बघत.

मसणवटीत पोचलो तेव्हा ताशा आपोआप थांबला. गुलाल उधळत आलेली माणसं कुठं आलो ते बघून गप्प झाली. काहींनी टोप्या काढल्या. आबासाहेब नुसते खाटेकडं बघत राहिले. जिवंत माणूस खाटेवर घालून कुणी इथं आणलेलं त्यांनी पाहिलं नसणार. भीमराजनं खाट खाली ठेवली, त्याच्या बापाला जिथं अग्नी दिला त्या जागेशी. सासूबाई हाताच्या आधारानं उठून बसल्या. त्या जागेकडं बघितलं. मग आल्या वाटेकडं बघितलं, लांब वस्तीपर्यंत. मग जमलेल्या सगळ्या गावाकडं. वर्षभर ज्यांचं एकच वाक्य ऐकत आले होते, त्या आज दुसरं बोलल्या, आणि सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्यानं बोलल्या.

"मला परत न्हेतानाबी हितूनच न्या. येका खेपंत वाट पडत न्हाई."

भीमराजनं खाट उचलली. श्रीमंत बांधाच्या तोंडाशीच उभा होता. कुणी त्याला बाजूला सर म्हटलं नाही. खाट अंगावर आली तसा तो बांधावरून खाली उतरला आणि आपल्याच हरभऱ्यात उभा राहिला, आम्ही सगळे पार होईपर्यंत.